घरं दुप्पट झाली, सावलीचं काय?

दिल्लीतल्या सात सरकारी वसाहती पाडून तिथे उंच इमारती उभ्या करायचं ठरलं. घरं जवळपास दुप्पट होणार होती आणि त्यापायी सोळा हजारांवर झाडांवर कुऱ्हाड पडणार होती. 2018च्या उन्हाळ्यात आजूबाजूचे लोक रस्त्यावर उतरले. त्यांना नवी घरं नको होती का? त्यांच्या हाती काय लागलं आणि काय निसटलं? उद्या आपल्या गल्लीत टॉवर येऊ घातला, तर या हकिगतीतून काय शिकता येईल?

दिल्लीचा जून महिना म्हणजे पेटलेली भट्टीच. सकाळी नऊ वाजता घराबाहेर पाऊल टाकावं तर अंगाची काहिली होते. दुपारी लू सुटली की रस्ते ओस पडतात. रिक्षावाला, भाजीवाला, शाळेतून परतणारं पोर, बसची वाट पाहणारी बाई... प्रत्येकाची नजर एकच गोष्ट शोधत असते. सावली!

2018 साली अशाच जूनच्या अखेरीस दक्षिण दिल्लीतल्या सरोजिनी नगरात माणसं जमू लागली. एरवी या भागात गर्दी होते ती इथल्या स्वस्त कपड्यांच्या बाजारासाठी. या वेळी मात्र कुणाच्या हातात पिशव्या नव्हत्या, फलक होते. कॉलेजातली मुलं होती, निवृत्त अधिकारी होते, आया आपल्या लहानग्यांना घेऊन आल्या होत्या. त्यांनी कडुनिंबाच्या, जांभळाच्या बुंध्यांना हातांचे वेढे घातले. पाहणाऱ्यांना आठवलं ते ‘चिपको’. 1974मध्ये गढवालच्या रैणी गावात गौरादेवी आणि तिच्या सोबतिणींनी असंच झाडांना कवटाळून कंत्राटदाराच्या माणसांना परत पाठवलं होतं.

पण एक मोठा फरक होता. रैणीतली झाडं ठेकेदाराच्या धंद्यासाठी पडणार होती. सरोजिनी नगरातली झाडं पडणार होती ती माणसांच्या घरांसाठी. घर कुणाला नको असतं? म्हणूनच ही लढाई वाटते तेवढी सरळ नव्हती.

विनयनगरचे दिवस

स्वातंत्र्यानंतर दिल्लीत सरकारी कचेऱ्या वाढल्या, माणसं वाढली. देशाच्या कानाकोपऱ्यातून कारकून, टंकलेखक, हिशेबनीस राजधानीत येऊ लागले. त्यांच्या डोक्यावर छप्पर हवं म्हणून शहराच्या दक्षिणेला ज्या वसाहती उभ्या राहिल्या, त्यांतल्या बऱ्याचशा भागाला तेव्हा विनयनगर म्हणत. पुढे त्याच्या निरनिराळ्या भागांना थोरांची नावं मिळाली. सरोजिनी नायडूंच्या नावाने सरोजिनी नगर, दादाभाई नौरोजींच्या नावाने नौरोजी नगर, नेताजींच्या नावाने नेताजी नगर.

सरकारी क्वार्टर्स म्हटलं की डोळ्यांपुढे येतं तेच चित्र इथेही होतं. फार तर दोन-तीन मजल्यांच्या साध्या इमारती, पुढे हिरवळीचा तुकडा, मागे कपडे वाळत घालायला जागा. हिवाळ्यात बायका उन्हात बसून मटार सोलत, पोरं पटांगणात क्रिकेट खेळत. शेजारी एक घर तमिळ, एक बंगाली, एक पंजाबी, आणि अधूनमधून एखादं नागपूर-सोलापूरकडचंही. बदली झाली की सामान बांधायचं, निवृत्ती आली की किल्ली परत करायची. घर सरकारचं, आपण पाहुणे, हे प्रत्येकाला ठाऊक होतं.

माणसं बदलत गेली, झाडं मात्र तिथेच राहिली. वसाहतींबरोबर लावलेली रोपं पन्नास-साठ वर्षांत तिमजली घरांहून उंच झाली. दुतर्फा फांद्या एकमेकींत मिसळून रस्त्यांवर मांडव झाला. तांबट, पोपट, धनेश यांनी ढोलीत संसार थाटले. शहराच्या ऐन मध्यात असूनही या वसाहतींत शिरलं की उन्हाचा चटका कमी व्हायचा. त्याचा फायदा केवळ क्वार्टरमधल्यांना नव्हता. शेजारच्या सगळ्याच वस्त्यांना तो मिळत होता, आणि फुकट मिळत होता.

एकाच्या जागी दोन

जुलै 2016मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने सात वसाहतींच्या पुनर्विकासाला मंजुरी दिली. सरोजिनी नगर, नेताजी नगर, नौरोजी नगर, कस्तुरबा नगर, त्यागराज नगर, श्रीनिवासपुरी आणि मोहम्मदपूर. त्यांतल्या 12,970 घरांच्या जागी सुमारे 25,667 घरं बांधायची होती. तीस वर्षांच्या देखभालीसह खर्चाचा अंदाज होता 32,835 कोटी रुपयांचा. पहिल्या तीन वसाहतींचं काम एनबीसीसी या सरकारी कंपनीकडे आणि उरलेल्या चारांचं केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याकडे सोपवण्यात आलं.

एवढा पैसा आणायचा कुठून? तिजोरीला हात न लावता! नौरोजी नगरात आणि सरोजिनी नगरच्या काही भागात कचेऱ्या-दुकानांसाठी जागा बांधायच्या, त्या विकायच्या आणि त्या पैशातून घरं उभी करायची, अशी ही योजना होती. जमिनीनेच आपल्यावरच्या इमारतींची किंमत चुकवायची. मुंबई-पुण्याच्या वाचकाला हे गणित नवं नाही. त्याच्या सोसायटीच्या पुनर्विकासात बिल्डर हेच गणित मांडतो. जादा मजले चढतात ते विकण्यासाठी, आणि त्यातून मूळ रहिवाशाचं घर निघतं.

पण या गणितात एक मेख असते. गरजेपुरती घरं बांधून काम भागत नाही. घरांचा खर्च निघावा म्हणून त्यावर आणखी बांधावं लागतं. मग वाढीव माणसं येतात, त्यांच्या गाड्या येतात, गाड्यांसाठी जमिनीखाली दोन-तीन मजल्यांची तळघरं खणावी लागतात. आणि झाडाचा खरा शत्रू असतो तो हाच खड्डा. इमारत फार तर चारही बाजूंना थोडी जागा सोडते. तळघर मात्र पटांगणाखालूनही पसरत जातं. जिथे मुळांनाच माती उरत नाही, तिथे बुंधा वाचवायचा कसा?

आधी कुऱ्हाड, मग कळलं

सातही वसाहती मिळून सोळा हजारांवर झाडं तोडावी लागतील, असा आकडा 2018च्या उन्हाळ्यात वर्तमानपत्रांतून झळकला. त्यांतली सुमारे अकरा हजार एकट्या सरोजिनी नगरातली होती. दिल्ली हादरली. कारण हे तेच शहर होतं, जिथे दर नोव्हेंबरात धुरक्याने डोळे चुरचुरतात, शाळांना सुट्ट्या द्याव्या लागतात आणि तान्ह्या मुलांना वाफारे देत आया रात्र जागवतात.

प्रश्न असा पडतो की योजना मंजूर झाली 2016मध्ये, मग लोक जागे व्हायला 2018 का उजाडलं?

त्याचं उत्तर आपल्या नियमांत आहे. वीस हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठं बांधकाम असेल तर 2006च्या केंद्रीय अधिसूचनेनुसार त्याला पर्यावरण मंजुरी घ्यावी लागते. पण कारखान्यासाठी, धरणासाठी जशी गावकऱ्यांसमोर जनसुनावणी होते, तशी ती गृहबांधणी प्रकल्पासाठी घेण्याचं बंधन या अधिसूचनेत ठेवलं नाही. कागद एका कचेरीतून दुसऱ्या कचेरीत जातात, समित्या बसतात, अटी लिहिल्या जातात. शेजारच्या माणसाला पत्ता लागतो तो करवतीचा आवाज आल्यावर! नौरोजी नगरात नेमकं हेच झालं. विरोध उभा राहीपर्यंत तिथली बहुतेक झाडं आडवी झालेली होती.

एका अस्थिरोगतज्ज्ञाने दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. 25 जून 2018 रोजी न्यायालयाच्या विचारणेनंतर 4 जुलैपर्यंत एकही झाड तोडणार नाही, असं एनबीसीसीने मान्य केलं. 4 जुलैला न्यायालयाने ही मनाई पुढे वाढवली. दरम्यान, परवानगी नेमकी कुणी दिली, यावरून केंद्र सरकार आणि दिल्ली सरकार एकमेकांकडे बोट दाखवत होते. पण रस्त्यावरच्या माणसांचा दबाव इतका होता की केंद्रीय नगरविकास मंत्रालयाला आराखड्यांचा फेरविचार जाहीर करावा लागला. कागदावर जे ‘अटळ’ होतं, ते महिन्याभरात बदलण्याजोगं निघालं!

दुसरी बाजूही ऐकायला हवी

मग सरकारचं सगळंच चुकीचं होतं का? तसं म्हणता येणार नाही.

पन्नाशी ओलांडलेल्या त्या क्वार्टर्सची अवस्था वाईट होती. छताचे पोपडे पडत होते, भिंतींना ओल होती. दिल्लीत बदलून आलेल्या कनिष्ठ कर्मचाऱ्याला सरकारी घराची वाट पाहत दिवस काढावे लागत. तोवर त्याने राहायचं कुठे? गाझियाबादला, फरीदाबादला, नाहीतर नोएडाच्या पलीकडे. पहाटे डबा घेऊन निघायचं, रात्री मुलं झोपल्यावर घरी पोचायचं. कचेरीपासून जवळ, मेट्रोच्या दाराशी घर मिळालं तर त्याच्या आयुष्यातले रोजचे दोन-तीन तास वाचतात. योगायोग पाहा, सरोजिनी नगरचं मेट्रो स्थानकही ऑगस्ट 2018मध्येच सुरू झालं.

शहर उंच वाढलं नाही तर ते आडवं पसरतं. आडवं पसरलेलं शहर शेतं गिळतं, रस्ते लांबवतं, गाड्या वाढवतं. तेव्हा मोक्याच्या जागी जास्त घरं बांधणं यात मुळात काही गैर नाही. शिवाय विरोध करणाऱ्यांत शेजारच्या सुखवस्तू वसाहतींतले लोकही होते. आपल्याला ऐसपैस घर मिळालं, आता दुसऱ्यासाठी दार लावून घेताय का, असा टोमणा त्यांना ऐकावा लागला. हा टोमणा अगदीच अस्थानी नव्हता. गर्दीला विरोध आणि गरिबाला विरोध यांतली रेघ फार बारीक असते.

पण सरोजिनी नगरच्या आंदोलनात टिकून राहिले ते ‘घरं नकोत’ म्हणणारे नव्हेत. घरं बांधा, पण आधी हिशेब दाखवा, असं म्हणणारे टिकले. घरं दुप्पट होतील, मान्य. मग पाणी दुप्पट कुठून येईल? दक्षिण दिल्लीत उन्हाळ्यात टँकर फिरतात, ते थांबतील की वाढतील? एम्ससमोरच्या रिंग रोडवर रुग्णवाहिका आत्ताच अडकतात, तिथे आणखी हजारो गाड्या कशा मावतील? जवळच पूर्व किडवई नगरात सुमारे 86 एकरांवर साडेचार हजारांहून अधिक घरांची अशीच नवी वसाहत उभी राहत होती, आणि वाहतुकीचा प्रश्न तिथेही गाजला होता. या प्रश्नांची उत्तरं कुणी एका ठिकाणी, लोकांना कळेल अशा भाषेत दिली होती का? नव्हती.

आणखी एक गोष्ट. मुंबईच्या चाळीत भाडेकरू पिढ्यान्‌पिढ्या राहतो, त्याचा त्या जागेवर हक्क असतो. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या बीडीडी चाळींचा पुनर्विकास निघाला तेव्हा अनेक रहिवाशांनी ‘आधी करार, मग स्थलांतर’ असा आग्रह धरला, त्यात वर्षं गेली. पण 160 चौरस फुटांच्या खोलीच्या जागी 500 चौरस फुटांचं घर मिळणार, हे तिथे ठरलेलं होतं. 14 ऑगस्ट 2025 रोजी वरळीच्या पहिल्या 556 कुटुंबांच्या हाती किल्ल्या पडल्या. दिल्लीच्या क्वार्टरमधला माणूस मात्र पाहुणा. नोटीस आली की त्याने निमूटपणे दुसरं घर बघायचं. त्यामुळे त्या वसाहतीच्या वतीने बोलायला घरातला कुणी उरलाच नाही. बोलले ते शेजारी, आणि ते बोलले झाडांच्या वतीने.

एकास दहा, पण कुठे?

झाडांबद्दल सरकारी उत्तर तयार होतं. दिल्लीत 1994चा वृक्ष संरक्षण कायदा आहे. एक झाड पाडलं तर त्याबदली दहा रोपं लावायची. सोळा हजार गेली तरी दीड लाखाहून अधिक येतील! ऐकायला किती छान वाटतं!

पण गृहिणीला विचारा. घरातली जुनी, भरवशाची मोठी पातेली मोडीत दिली आणि बदल्यात दहा चमचे मिळाले, तर पंगतीला आमटी शिजेल का? साठ वर्षांचा कडुनिंब जेवढी सावली देतो, जेवढी धूळ अडवतो, तेवढं काम करायला रोपाला दशकं लागतात. तोवर आज चौथीत शिकणारं मूल नोकरीला लागलेलं असतं. शिवाय रोपं लागतात ती शहराच्या कडेला, जिथे मोकळी जमीन असेल तिथे. सावली गेली सरोजिनी नगरची आणि भरपाई मिळाली कोसभर दूर. आणि लावलेली रोपं जगतात तरी किती? भरपाईची लागवड ठरल्याप्रमाणे झालीच नाही, असा ठपका 2018मध्येच महालेखापरीक्षकांच्या दिल्लीविषयीच्या अहवालाने ठेवला होता.

झाड न तोडता मुळासकट उचलून दुसरीकडे लावण्याचा उपाय त्यानंतर पुढे आला. दिल्ली सरकारने 2020मध्ये त्यासाठी धोरण आखलं. बांधकामात येणाऱ्या झाडांपैकी निदान 80 टक्के हलवायची आणि हलवलेल्यांपैकी 80 टक्के वर्षभरानंतर जिवंत असायला हवीत, अशी अट घातली. अट चांगली होती. पण 2022मध्ये उच्च न्यायालयात दिलेल्या माहितीनुसार, त्याआधीच्या तीन वर्षांत हलवलेल्या झाडांपैकी जेमतेम एक तृतीयांश जगली होती. म्हातारं झाड उपटून दुसरीकडे लावणं म्हणजे सत्तरीच्या आजोबांना गावचं घर सोडून परक्या शहरात नेऊन ठेवण्यासारखं आहे. काही रमतात, पुष्कळसे खंगतात.

पुढे काय झालं?

इमारती उभ्या राहायच्या थांबल्या नाहीत. 3 जानेवारी 2025 रोजी पंतप्रधान नरेंद्र मोदी यांच्या हस्ते सरोजिनी नगरातल्या 28 टॉवरांचं उद्घाटन झालं. त्यांत कर्मचाऱ्यांसाठी अडीच हजारांवर घरं आहेत. त्याच दिवशी नौरोजी नगरच्या वर्ल्ड ट्रेड सेंटरचंही उद्घाटन झालं. तिथे सहाशेहून अधिक जुन्या क्वार्टर्सच्या जागी सुमारे 34 लाख चौरस फुटांच्या कचेऱ्या आल्या.

या दोन वसाहती शेजारी-शेजारीच आहेत. एकीत विरोध होण्याआधीच झाडं पडून गेली, दुसरीत लोकांनी मध्ये पडून काम थांबवलं आणि कागद पुन्हा उघडायला लावले. एकीत घरांच्या जागी विक्रीच्या कचेऱ्या आल्या, दुसरीत घरांच्या जागी घरं आली. नव्या घरात राहायला गेलेल्या कारकुनाच्या मुलीला खिडकीतून एखादा जुना कडुनिंब दिसत असेल, तर त्याचं थोडं श्रेय 2018च्या त्या भर उन्हात उभ्या राहिलेल्या अनोळखी माणसांना जातं. त्यांचा विरोध तिच्या घराला कधीच नव्हता.

आपल्या दारी आलं तर?

आज ठाण्यात, पुण्यात, नाशकात, नागपुरात अशी गल्ली विरळाच, जिथे एखादी जुनी इमारत पाडून टॉवर उभारायची बोलणी चालू नाहीत. अशा वेळी रागाने ‘नको’ म्हणून भागत नाही, आणि मुकाट्याने ‘होऊ दे’ म्हणूनही नाही. दिल्लीच्या अनुभवातून चार साध्या गोष्टी शिकता येतात.

पहिली म्हणजे वेळ. शहराचा विकास आराखडा जाहीर होतो तेव्हा नागरिकांच्या हरकती-सूचना मागवल्या जातात. बहुतेक लोक ती जाहिरात वाचतही नाहीत. पण बोलायची खरी वेळ तीच असते. पाया खणल्यावर उरतं ते फक्त कोर्ट.

दुसरी म्हणजे कागद. मोठ्या बांधकामाची पर्यावरण मंजुरी आणि तिच्या अटी केंद्राच्या ‘परिवेश’ या संकेतस्थळावर पाहता येतात. जे तिथे सापडणार नाही ते माहितीच्या अधिकारात मागता येतं. पाणी किती लागेल, ते कोण देणार, सांडपाणी कुठे जाणार, गाड्या किती धरल्या आहेत, हे आकडे मागावेत.

तिसरी म्हणजे झाडांची मोजणी. महाराष्ट्रातल्या शहरांत 1975चा झाडांच्या संरक्षणाचा कायदा लागू आहे. झाड तोडण्याआधी नोटीस लावून हरकती मागवल्या जातात, पण त्याची मुदत फार थोडी असते. आपल्या आवारातली झाडं आधीच मोजून, फोटो काढून, यादी करून ठेवली तर ऐनवेळी धावाधाव होत नाही. हे काम सुट्टीत मुलांकडूनही करून घेता येतं.

चौथी गोष्ट सगळ्यांत अवघड. येणाऱ्या शेजाऱ्याचाही विचार करायचा. जो अजून आलेला नाही, ज्याचं नाव आपल्याला माहीत नाही, पण ज्यालाही कचेरीजवळ घर हवं आहे, मुलांना शाळा हवी आहे. त्याला बाहेर ठेवणं हा आपला हेतू नाही, हे आपल्या मागणीतून दिसलं पाहिजे. ‘टॉवर नको’ असं म्हटलं तर समोरचा ऐकून घेत नाही. ‘तळघर इकडे सरकवा, ही बारा झाडं वाचतील’ असं म्हटलं तर त्याला नकाशा उघडावाच लागतो.

शेवटी वसाहत म्हणजे काही केवळ घरांची बेरीज नव्हे. नळाला येणारं पाणी, रुग्णवाहिकेला मिळणारी वाट, म्हाताऱ्या माणसाला दोन मिनिटं टेकायला पार, आणि उन्हाळ्यात डोक्यावर सावली, हे सगळं मिळून ती वसाहत होते. घरं मोजणारे पुष्कळ असतात. बाकीचं मोजायला कुणीतरी वेळेवर उभं राहावं लागतं, एवढंच.